वरच्या खोलीचा चार्ज

बाबा, वरच्या खोलीतला मुलगा न सांगता निघून गेला नव्हता. मीच त्याला जायला सांगितलं होतं. या गोष्टीला बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा सांगायचा धीर झाला नाही आणि तुम्ही गेल्यावर सांगण्यासारखं कुणी उरलं नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत आले. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत आली पाहिजे, हे नव्या मुलांना अजून रोज सांगते. म्हणून ती आधी लिहून टाकली. बाकीचं सावकाश सांगते.

कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर तुम्ही प्रताप नगरच्या घरावर एक खोली चढवली होती. आई नव्हती, मी रोज सकाळी तुमच्याकडे येऊन दुपारी तिथूनच ऑफिसला जायचे, मुलीची शाळा सुटली की तीही तिथेच यायची. असाच एक मे महिना. फाटक वाजतं आणि दारात एक उंच, काळासावळा मुलगा उभा असतो, हातात पत्त्यांचा कागद, त्यावरचे बहुतेक पत्ते खोडलेले. टांझानियातून फार्मसी शिकायला आला होता. खोली आहे का, एवढंच त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं. तुम्ही म्हणालात, "पहिले बस. जेवला काय गा?" मी स्वयंपाकघरात तुम्हाला हळूच म्हटलं, "थोडी चौकशी तरी करा, बाबा." तुम्ही ताट वाढत होतात. "मी गावाहून आयटीआयले आलो तं लोकं पहिले आडनाव विचारत. आडनाव आयकलं का खोली भरेल निघे. मले चौकशी नको शिकवू वं." कागदावरचा शेवटचा पत्ता त्यानं खोडलाच नाही.

आफ्रिकेतला माणूस, याला ऊन काय लागणार, असं सगळ्यांना वाटलं. तो बिचारा दुसऱ्याच आठवड्यात आडवा झाला. "काका, आमच्या गावाला समुद्र आहे," तो कण्हत म्हणाला, आणि तुम्ही पोट धरून हसलात. मग त्याला स्कूटरवर बसवून सीताबर्डीला नेलंत, कूलर घेतला, त्याला वाळ्याची खस बसवून दिली. कॉलेजला निघताना त्याच्या खिशात कांदा घातलात. संध्याकाळी परत आल्यावर विचारलंत, तर म्हणाला, "चांगला होता काका, डब्यासोबत खाल्ला." "अबे, खाचा नाही, ठेवाचा! ऊन लागत नाही त्यानं." दुसऱ्या दिवशी तो दोन कांदे मागायला आला, एक ठेवायला आणि एक खायला. वर्षभरात तो भाजीवालीशी असा भांडायला लागला की ती त्याला विचारायची, "तू इकडचाच, उमरेडचा का रे?"

पण तो खरा या घरचा झाला तो चार्जमुळे. तुमची सगळी नोकरी वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. पुढच्या पाळीचा माणूस येऊन बसल्याशिवाय, काय चालू काय बंद ते त्याला तोंडी सांगून वहीत त्याची सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम; त्यालाच चार्ज देणं म्हणायचे. तुम्ही तो घरातही चालवायचात. आई होती तेव्हा तीसुद्धा माहेरी जाताना तुम्हाला दूध कुठे, डाळ कुठे हे सांगून जायची. त्या मुलालाही तुम्ही ते शिकवलंत. सकाळी जिन्यावरून त्याचा आवाज यायचा, "काका, चार्ज घ्या. गॅस बंद, नळ बंद, कूलरमध्ये पाणी भरलं, मी चाल्लो." तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "घेतला. जा." कधी तुम्ही बाहेर असलात तर तो फाटकापाशी उभा राहायचा. त्याचा पहिला तास बुडला तरी चालायचं, पण चार्ज न देता तो जायचा नाही.

तुम्ही मला एकदाच रागावलात. त्याच्या चहासाठी मी एक स्टीलचा पेला वेगळा ठेवला होता. का ठेवला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हात आपोआप त्याच पेल्याकडे जायचा. तुमच्या ते लक्षात आलं. एक दिवस तुम्ही स्वतः त्या पेल्यातून चहा प्यालात, तो धुतलात आणि आमच्या पेल्यांमध्ये मिसळून टाकलात. बुद्धमूर्तीसमोरचं फूल नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माह्या बापाले गावात असाच येगळा पेला होता. दुकानाच्या बाहेर, खिळ्याले टांगेल." एवढंच. मी आजही पेले विसळताना त्यांत तो कोणता हे शोधते, आणि ओळखू येत नाही.

मग तुमचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तुम्ही दवाखान्यात, घर रिकामं. शेजारच्या काकू दोनदा येऊन बोलून गेल्या, "म्हातारा माणूस घरी येणार, अन् वर परका. सुक्या मासोळ्यांचा वास येते, दोस्त येतात. तुयी पोरगीही मोठी होऊन राहिली." मला त्यांच्यावर ढकलायला आवडेल, पण त्या बोलल्या ते मी ऐकलं, कारण मला ते ऐकायचं होतं. त्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांना शहरात कुणी खोली देत नाही, अशी बातमी माझ्या टेबलावर आली होती. मी तिला मथळा दिला. चांगला झाला होता, संपादकांनी कौतुक केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीचं दार वाजवलं.

"ताई, परीक्षा आहे. तीन आठवडे फक्त."

"मला कळतं रे. पण बाबांना बघायला माणूस ठेवायचाय, त्याला खोली लागेल."

माणूस वगैरे काही ठरलं नव्हतं. त्यानं समोरचं पुस्तक मिटलं. "मग दवाखान्यात जातो. काकांना चार्ज देतो, तिथून जातो."

"तिथे कुणाला भेटू देत नाहीत," मी म्हटलं. आदल्याच संध्याकाळी अर्धी गल्ली तुम्हाला भेटून आली होती.

दोन दिवसांनी त्यानं सामान खाली आणलं आणि माझ्यासमोर सरळ उभा राहिला. गॅस बंद. कूलरचं पाणी काढलं. न्हाणीतला नळ गळत होता, वायसर बदललं. एक खिडकी नीट लागत नाही, काकांना माहीत आहे. सगळं सांगून त्यानं चावी पुढे केली आणि थांबला. तो कशासाठी थांबला होता, मला माहीत होतं. मी चावी घेतली. "घेतला" म्हणाले नाही.

तुम्ही घरी आल्यावर जिन्याकडे बघितलंत. "कुठी गेला तो?" मित्रांसोबत राहायला गेला म्हणे, मी सांगितलं. "चार्ज न देता?" मी औषधांच्या पट्ट्या लावत बसले. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मीच माणूस ओळखला नाही." त्यानंतर तुम्ही दोन वर्षं जगलात, पण खोली पुन्हा कुणाला दिली नाहीत.

तुमची नात आता जर्मनीत शिकते. ऑक्टोबरपासून एका म्हाताऱ्या बाईच्या घरात खोली घेऊन राहते. काचेच्या बाटल्या कोणत्या डब्यात टाकायच्या, रविवारी आवाज कसा करायचा नाही, दुपारी चारला अंधार पडल्यावर वेळ कसा काढायचा, हे सगळं ती शिकली. मला फोनवर शिकवायची. काल दुपारी तिचा फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. महिनाअखेर खोली सोडायची आहे, आणि परीक्षा पुढच्या महिन्यात. "आजी चांगली आहे गं आई. तिची मुलगी आली होती, तिनंच सांगितलं. आजी तर आतल्या खोलीत होती, तिला माहीत तरी आहे का कोण जाणे."

मग ती म्हणाली, "आजोबांकडे तो दादा होता ना, मला गणितं समजावून द्यायचा. तो तर शेवटपर्यंत होता आपल्याकडे. हो ना?"

"हो," मी म्हटलं. "कोर्स संपेपर्यंत."

"बघ! मी जाऊन सांगणारच आहे आजीच्या त्या मुलीला. म्हणणार, आमच्या घरी असं करत नाहीत."

तुमच्यापर्यंत हे पत्र पोचणार नाही. तिच्यापर्यंत ते एका मिनिटात पोचलं असतं, पण मी तिला ते पाठवणार नाही. एव्हाना तिनं आजीच्या मुलीला सांगितलंही असेल. मी तिला थांबवलं नाही, बाबा.