उंबऱ्याबाहेर गेलेली गोष्ट

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लढतीआधी कुणाचं मन भटकू नये म्हणून जिमच्या सलिल सरांनी आमचे फोन कुलपात ठेवलेत. म्हणून हे पत्र. माझ्या अक्षराला हसू नकोस.

बातमी वाईट आहे. बारा तारखेला कल्याणच्या इनामी लढतीत सरांनी माझी जोडी सुदेशशी लावलीय. आपल्याच सुदेशशी! अण्णांच्या तालमीत एका ताटात जेवलेलो आम्ही. एका वस्तादाचे दोन पठ्ठे इनामासाठी लढत नाहीत, हे जिमवाल्यांना कसं पटवू? शिवाय त्याची मान. गेल्या वर्षी तो तालमीत पडला, तेव्हा पुन्हा तिथे मार बसला तर हातपाय जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी हा लढतोय! अण्णांना विचारून कळव.

माया असू दे.
तुझा विनीत


बाळकुम, ठाणे
६ जानेवारी २०२५

चि. विनीतला अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर पाहून मला पोस्टमनची दया आली. जेवतोस ना वेळेवर, की नुसती पावडर पितोस?

अण्णा तुझ्यावर खूश आहेत. त्यांचा निरोप नीट वाच. नकार दे, पण कारण सांगू नकोस. तालमीतलं दुखणं तालमीच्या उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, अगदी भल्यासाठीसुद्धा.

सुदेशला समजावून ते थकले. हीच शेवटची लढत, असं तो त्यांच्या पायांना हात लावून सांगून गेला. मानेचं कुणाला ठाऊकच नाही, तर तिथे कोण हात घालणार, असं त्याचं म्हणणं. मला मात्र अन्न गोड लागत नाहीये. तू जप.

तुझी ताई


मानपाडा
७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला राहवलं नाही. आज सरांना सरळ नाही म्हटलं. ते भडकले, घाबरलास का म्हणाले. मग मी मानेचं सगळं सांगून टाकलं, सुदेशलाच लढतीतून काढा म्हटलं. सर एकदम शांत झाले. बरं केलंस, मी बघतो, असं म्हणून त्यांनी पाठ थोपटली. डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. पोराने तुमचं नाव राखलं, असं अण्णांना सांग.

एकच कळत नाही. माझ्या जागी चांगदेवला घेतलंय, आणि शटर ओढून त्याच्याकडून एकच डाव घोटून घेताहेत, मागून मान मुरगळायचा. त्याची जोडी दुसऱ्या कुणाशी लावली असेल. मी विचारलं तर सर नुसते हसले.

भेटू रविवारनंतर.
तुझा विनीत


बाळकुम, ठाणे
१५ जानेवारी २०२५

चि. विनीतला आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुझं पत्र सोमवारी आलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

घंटा होताच चांगदेव थेट मानेवर गेला, तेव्हा अण्णा खुर्चीवरून उठले. समोर तुमच्या पोरांत तूही उठलेला दिसलास. मानेचं तुमच्या जिमला तुझ्याकडूनच कळलं असणार, हे आम्ही दोघंही तिथेच समजलो. मला तुझा राग आला होता रे, फार आला होता. पत्र वाचलं आणि रडूच आलं.

सुदेशचे हात हलत नाहीत. पायांचं विचारलं की डॉक्टर विषय बदलतात. अण्णा इस्पितळात त्याच्या उशाशी बसून चमच्याने पेज भरवतात. भेटायला येईल त्याला तो सांगतो की, विनीतने माझ्याशी लढायला नकार दिला, तालमीचं नाव राखलं. अण्णा खाली मान घालून ऐकतात. तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्याला आपण काही सांगायचं नाही, विनीतच येऊन सांगेल, एवढंच म्हणाले.

माझी माया कुठे जात नाही. पण घरी येण्याआधी त्याच्याकडे जा. त्याला मान वळवता येत नाही, म्हणून त्याने खाट दाराकडे तोंड करून लावून घेतलीय. तू आलेला दिसावास म्हणून.

तुझी ताई