दोन इंजिनांची मोटार

२ ऑगस्ट १९६१, बुध.
कळंबात सध्या एकच विषय. करीमची मोटार. एका मोटारीत दोन इंजिनं! गावचे बडे बागायतदार आबासाहेब, त्यांना पावसाळ्यात चिखलातून मांजरेकाठच्या मळ्यापर्यंत जायचंय, म्हणून चारी चाकांना जोर पाहिजे. हैद्राबादहून कुणा नवाबाच्या दोन जुन्या मोटारी आणून दिल्यात. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. त्यामुळं एका पायाखाली दोन्ही इंजिनं चालतील म्हणे.
सोलापुरात एकाच उस्तादापाशी मोटारकाम शिकलो, मी आणि करीम. उस्ताद म्हणायचे, नजर माणिकची, हात करीमचा. आबासाहेबांना फक्त हात दिसला. माझ्या गॅरेजात आज दिवसभरात एक सायकल आली, हवा भरायला.
यापुढं नुसतं क. लिहिणार. पुरतं नाव लिहवत नाही.

५ ऑगस्ट, शनि.
बघायला जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो.
क. म्हणाला, "माणिक, तुझी नजर लई बारीक. कुठं चुकलं आसंल तर सांग की."
वाकलो आणि दिसलंच. पुढचं इंजिन मागची चाकं फिरवणार, ते ठीक. दुसरं डिकीत, उलट्या तोंडानं बसवलंय, ते पुढची फिरवणार. इंजिनाचं तोंड उलटं, तर त्या चाकांना फिरवणारा एक्सलही पालथा घालायला नको? यानं सुलटाच ठेवलाय. मागची चाकं पुढं जाणार, पुढची मागं!
"न्हाय, झक्कास हाय," म्हणालो.
आज जेवण गोड लागलं.

६ ऑगस्ट, रवि.
शांता भाकरी वाढता वाढता म्हणाली, "करीमभावजींनी लई डोकं चालवलंय. तुमी बी कायतरी नवं करा की."
माझ्याच घरात! ताटावरून उठलो. जळतोय मी, हे इथं तरी लिहून ठेवतो. पुढच्या रविवारी पहिली फेरी आहे. सगळं गाव जमणार. जमू दे.

१० ऑगस्ट, गुरु.
क. पुन्हा, "येकदा खाली वाकून बघ ना, यार."
वाकलो नाही. "बघितलंय की. काय चूक न्हाय."
त्यानं चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "रविवारी स्टेरिंगवर तू बस. आबासाहेबांना सांगितलंय म्या."
मी? मलाच का? घरी आलो.

१२ ऑगस्ट, शनि.
रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच सांगून टाकायला गेलो. क. नमाजाला गेला होता, शेड उघडीच. खाली वाकलो.
एक्सल पालथा घातलेला. तेल भरायचं भोक खाली गेलं, ते बुजवून वर नवं पाडलंय. त्यावरचा लाल रंग वाळून धूळ बसलीय. हे कालपरवाचं काम नव्हे.
तो यायच्या आत निघालो.

१३ ऑगस्ट, रवि.
शांतानं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. नऊला निघायचं.
म्हणजे गुरुवारी करीमनं विचारलं तेव्हा एक्सल पालथा होता. चूक त्यानं आधीच शोधून सुधारली होती. तरी विचारलं, खाली वाकून बघ म्हणाला. आणि मी...
हॉर्न. मोटार दारात आलीय. दोन इंजिनं आहेत, आवाज एकच येतोय. काम चोख झालंय, आणि त्याचाही राग येतोय.
"अवो, करीमभावजी न्यायला आलेत," शांता ओरडतेय. "या की भायेर!"
शर्टाची एकच बाही घातलीय.