खारवलेलं जाकीट

३ नोव्हेंबर
प्रेरणा दिवाळी करून रत्नागिरीला परत गेली. मत्स्यशास्त्र शिकते. जाताना म्हणाली, "बाबा, डिसेंबरात येजा. दोघांची कयाक असते, खाडीत फिरवते तुमाले." मी नुसतं "पाहू" म्हणालो. आतून उड्या मारत होतो.

एरवी फोन मी उचलला की पोरीचं पहिलं वाक्य, "आईले द्या." नावेत फोन द्यायला आई नसेल. अख्खी सकाळ आम्ही दोघंच, बापलेक.

संकल्प: तयारी शास्त्रशुद्ध करायची.

११ नोव्हेंबर
नावेत घालायचं जाकीट आलं. वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल. म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम वाफ होऊन बाहेर जातो. गळ्याला, मनगटाला रबर, पुढे जाड पितळी चेन. वर पाणी टाकलं की मोती होऊन घरंगळतं. दिवसभर घालून दुकानात बसलो. (जळगाव जामोदला माझं कृषी सेवा केंद्र आहे.) गिऱ्हाइकं विचारत होती, फवारणीचा नवा ड्रेस आला काय. हसून सोडून दिलं.

१२ नोव्हेंबर, सकाळ
जाकीट लालभडक आहे. रंग जाणार. नवं रंगीत कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं, हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आम्हा खारपाणपट्ट्यातल्या लोकांना तर मीठही टाकावं लागत नाही, बोअर सुरू केली की झालं. शिवाय जाकिटाला समुद्राची सवय लागेल. एका बादलीत दोन कामं.

अनुपमा बघून म्हणाली, "लोणचं घालून राह्यले का?" बायकोला तांत्रिक अंग नाही.

१५ नोव्हेंबर
वाळलं. पांढरी पुटं आली, झटकली. सोबतच्या कागदावर लिहिलंय: खाऱ्या पाण्यात वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, चेनसुद्धा. गोडं पाणी आमच्याकडे जारमधून येतं आणि जारवर अनुपमाचा पहारा. मागितलं तर म्हणते, "पिवाले पुरत नाही, अन् जाकिटाले आंघोळ?"

कंपनीने खारपाणपट्टा पाहिलेलाच नाही. पुन्हा बोअरच्या पाण्यात बुडवलं. रंग एकदाचा पक्का होऊ दे.

२४ नोव्हेंबर
मित्र पुंजाजीच्या शेततळ्यावर सराव. पाणी तिथलंही खारटच. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसलो, हातात फळी. ट्यूब काठावरच्या बाभळीला बांधून ठेवली होती. मला पोहता येत नाही असं नाही, शिकलेलो नाही इतकंच. पुंजाजी म्हणाला, "काऊन बे गोकुळ, बाभूळ ओढून नेतं का तू?" जळतो.

निरीक्षण: पाण्याचे मोती आता होत नाहीत. कापड पाणी पिऊन जड होतं. म्हणजे सवय लागली. आतून मात्र मी चिंब. शिवणीतून गळत असणार.

२५ नोव्हेंबर
शिवणींना पंक्चरचं सोल्युशन लावलं. अनुपमा म्हणते, "अवो, तो तुमचा घाम हाये." घाम बाहेर जातो. लेबलवर छापलंय.

८ डिसेंबर
चेन फार घट्ट लागते. उत्तम. समुद्रात आपोआप उघडली असती म्हणजे?

प्रेरणाचा फोन. म्हणाली, "बाबा, इकडं गरम हाये, टी-शर्टवर चालते." मग, "आईले द्या." पोरीला वाटतं बाप अडाणी. जाकिटाचं काहीच बोललो नाही. एकदम दाखवायचं.

२१ डिसेंबर, रत्नागिरी, सकाळ
चेन लावायला अनुपमाला दोन्ही हात लावावे लागले. नावेत बोलायचे विषय ठरवलेत: अभ्यास, नोकरी, जेवणखाण, घरची आठवण येते का. शेवटचा विषय काठापासून लांब गेल्यावरच काढायचा.

२१ डिसेंबर, दुपार
मी पुढे, प्रेरणा मागे. काठ सुटला. पहिला विषय काढायच्या आत जाकिटात भट्टी पेटली. डोळ्यांपुढे अंधारी. प्रेरणा म्हणाली, "बाबा, काढा ते." चेन जागची हलेना. दातांवर हिरवा-पांढरा थर बसलेला. नाव मागे वळवावी लागली.

काठावर पोरीने मला कात्रीने कापून बाहेर काढलं. आतून धार लागली. कापडावरचा थर खरवडून तिने विचारलं, "हे मिठात कोनं भिजवलं?" रंगाचं कारण सांगितलं. ती वाळूत बसून हसली. मग म्हणाली, "मिठानं घाम जायची वाटच बुजली, बाबा. समुद्रातून आल्यावर आम्ही पयले मीठच धुऊन काढतो." मी म्हणालो, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं घेऊ.

बनियनवर बसतो म्हणालो, तर म्हणाली, "चक्कर आली ना? सावलीत बसा आता." नाव मोकळीच होती. अनुपमा बसली. अंगात जुना पंजाबी ड्रेस, वॉटरप्रूफ म्हणावं असं काहीही नाही. दोघी गेल्या. पार लांबून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते जाकिटाचं नव्हतं.

तेवढ्यात खाडीतून प्रेरणाने हाक मारली, "बाबा!" ताडकन उठलो. दोन्ही हात हलवत गुडघाभर पाण्यात शिरलो.

"आईच्या चपला सांभाळजा, भरती येऊन राह्यली!"

एक सापडली.