मिस्, अन्, डर्र, स्टँ, डिंग

अप्पा, सांबारासाठी चिंच भिजत घातली आहे, ती मऊ होईपर्यंत लिहिते. तुम्ही एग्मोरच्या ऑफिसात टायपिंग करायचात, तिथून एकदा एक लांबलचक इंग्रजी शब्द घरी आणलात. मी तिसरीतून शाळा सोडून घरी बसलेली. माझं एकेक बोट धरून म्हणवून घेतलंत, करंगळीपासून: मिस्, अन्, डर्र, स्टँ, डिंग. 'डर्र'ला तुमची जीभ थरथरायची आणि 'डिंग'ला अंगठा असा ओढायचात की कळ यायची. मग म्हणालात, अर्थ सांग. तेवढं इंग्रजी मला येत होतं. म्हटलं, अंडर म्हणजे खाली, स्टँडिंग म्हणजे उभं राहणं. शाळेतल्या मिस खाली उभ्या आहेत. तुम्ही टपली मारलीत. "अगं शहाणे, गैरसमज. तुकडे जोडून अर्थ मिळतोच असं नाही."

तुम्ही गेलात; आता आम्ही वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर राहतो. नात चार वर्षांची झाली तरी एक अक्षर बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरात भाषा फार झाल्या, एकच ठेवा. सून तमिळ घरातली, पोरगी चांगली आहे, रसम माझ्याहून बरं करते, पण म्हणाली, "अम्मा, तुम्ही तिच्याशी मराठी नका बोलू." तेव्हापासून मी मुकाट्यानं नुसती भरवते. परवा दुपारी बाल्कनीत दहीभात भरवत होते, तर तिनं माझा रिकामा हात धरला. करंगळीपासून. मिस्. अन्. डर्र. तीच थरथर, अप्पा. डिंग म्हणताना अंगठ्यात कळ आली. लग्नानंतर हा शब्द मी कुणापुढे उच्चारलेला नाही. मी हळूच विचारलं, मराठीतच, कुणी शिकवलं गं? तिनं गजांमधून बोट दाखवलं. "खाली उभे आहेत."

मी वाकून बघितलं. इस्त्रीवाल्याची गाडी, सावलीत झोपलेलं कुत्रं, माणूस कुणी नाही. तेवढ्यात कुत्रं उठलं आणि कुणाला तरी वाट द्यावी तसं बाजूला सरकलं. भ्यायला हवं होतं, पण मला हसू आवरेना. पोर बोलली, मराठीत बोलली, आणि 'उभा' नाही, 'उभे' म्हणाली. एवढा मान द्यायला तिला कोण सांगणार?

सून धावत आली, डोळे भरलेले. "अम्मा, तुम्ही शिकवलंत?" मी हो म्हटलं. "मग बोलत जा तिच्याशी," ती म्हणाली, "तुमच्याच भाषेत." खरं सांगितलं असतं तर तिनं मला पोरीजवळ बसू दिलं नसतं. सुनेला मराठी वाचता येत नाही म्हणून हे लिहिते. टाकायचं कुठे, ते मलाही ठाऊक नाही. श्रेय तुमचं होतं, अप्पा. मी घेतलं, आणि परत द्यायचा माझा विचार नाही.