मागच्या रांगेतून दिसलेली घरं

प्रिय चिंगे,

हे पत्र तुला ठकी वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी तिलाच सांगते. ठके, भाची असलीस तरी आज तू नुसता माझा आवाज आहेस. आईच्या तोंडाकडे बघून मधली वाक्यं गाळायची नाहीत, आणि मावशी जिथे रागावली आहे तिथे रागावूनच वाचायचं. फोनवर तुझी आई मला बोलूच देत नाही. डोळ्यांचा विषय काढला रे काढला की तिकडे दूध उतू जातं. रोज एवढं दूध उतू जात असेल तर तुमच्या जिन्यावरून ओढा वाहायला हवा होता. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. बस आता समोर आणि वाच.

तर चिंगे, मला सगळं कळलं आहे. डॉक्टर म्हणाले की मधलं पुसलं गेलंय ते परत येणार नाही, कडेकडेचं दिसत राहील, हे कळलं. तू शिलाईच्या मशीनवर चादर घातलीस, पडद्यांची अर्धी राहिलेली कामं शेजारणीकडे दिलीस, टीव्ही खालच्या मजल्यावर पाठवून दिलास, हेही कळलं. दारापर्यंतसुद्धा येत नाहीस म्हणे. बरं, हे सगळं मी समजून घेतलं असतं. पण परवा मी सहज म्हटलं की इकडे ये, आपण दोघी सिनेमाला जाऊ, मी शेजारी बसून तुला सगळं सांगत जाईन, तर तू काय म्हणालीस? म्हणालीस, ताई, मला कुणाची कीव नको, अंधारात बसून दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघण्यात कसली आली मजा. आणि फोन ठेवलास. चिंगे, हे तू दुसऱ्या कुणाला म्हणाली असतीस तर गोष्ट वेगळी. मला म्हणालीस! दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघण्यातली मजा जगात कुणाला माहीत असेल तर ती मला, आणि ती दाखवली कुणी, तर तूच. दिवसभर मला ते वाक्य झोंबत राहिलं. दुकानात एका गिऱ्हाइकाला मी निळ्याऐवजी हिरवा रंग कालवून दिला, म्हणजे बघ.

दुकानाचं विचारशील तर ठीक चाललंय. आता गिऱ्हाइकं रंगाचं नाव सांगत नाहीत, फोन पुढे करतात. त्यात कुठल्याशा सिनेमातली खोली थांबवून ठेवलेली असते आणि म्हणतात, काकू, हीच भिंत हवी. परवा एक नवं जोडपं आलं. सिनेमातल्या झोपायच्या खोलीचा रंग हवा, पहाटेसारखा. मी म्हटलं, अहो, तो रंग भिंतीचा नाही, खिडकीबाहेर लावलेल्या दिव्याचा आहे, तुमच्या खिडकीबाहेर समोरच्यांची पाण्याची टाकी आहे. पण ऐकतात कुठे! लावला. चार दिवसांनी परत आले, नवरा म्हणाला, काकू, आजारी माणसाच्या खोलीसारखं दिसतंय. हसावं की रडावं! मग मी त्यांना तुझा रंग दिला. तुझाच म्हणजे, दुधावरच्या सायीचा पांढरा. कंपनीच्या रंगांच्या तक्त्यात त्याला काहीतरी आकडा आहे, पण मी अजून तुझ्याच नावाने ओळखते. पिकल्या लिंबाचा पिवळा, ओल्या पाटीचा काळा, साबणाच्या शेवटच्या तुकड्याचा गुलाबी. हे सगळे रंग मी तुझ्याकडून शिकले, चिंगे, आणि तेही आंधळ्यासारखी बसून.

ठकीला हे नीट माहीत नसेल, तिलाही कळू दे. बाबा थेटरात दारावर उभे राहायचे, हातात बॅटरी, तिकिटं फाडायची आणि माणसं जागेवर नेऊन बसवायची. आई गेली त्या वर्षी घरी आम्हाला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की बाबा आम्हाला सगळ्यात मागच्या रांगेत भिंतीला चिकटून एका खुर्चीत दोघींना बसवायचे. मागची रांग का, तर मॅनेजर आला की पटकन दाराच्या पडद्याआडून बाहेर काढता यावं. तोच सिनेमा, तेच संवाद, पुन्हा पुन्हा. आणि मला पडद्यावरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. नुसता हलणारा उजेड. गंमत म्हणजे मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. तू हुशार म्हणून तुला त्यातून काय काय काढता येतं! गोष्ट मला कानाने कळायची. कोण रडतंय, कोण कुणाला सोडून चाललंय, ते ऐकू येतं. ऐकू येत नाही ते घर. म्हणून मी तुला कोपराने ढोसायचे, घर बदललं का? आणि तू माझ्या कानाशी तोंड आणून सुरू व्हायचीस.

काय एकेक घरं सांगितलीस गं! माणसं बोलून बोलून दमली तरी तुझं घर संपायचं नाही. त्या मोठ्या जिन्याच्या सिनेमातलं घर तर मला अजून पाठ आहे. जिन्यावर लाल गालिचा, खालच्या पायरीपाशी जरा झिजलेला. पियानोवर मांजर झोपलेलं, पिवळं, एक कान दुमडलेला. पडदे इतके लांब की जमिनीवर लोळताहेत, आणि तू चिडून म्हणायचीस, अर्धा वार कापड फुकट घालवलं. तेव्हापासूनच तुझ्यात पडदे शिवणारी बाई होती बघ. आणि शेवटी, कुठलंही घर असो, राजाचं असो की हमालाचं, तू सांगायचीस की मागे स्वयंपाकघर आहे, त्याला गोल खिडकी आहे, आत दिवा लागलेला आहे आणि कुणीतरी आहे आत. कोण ते दिसत नाही, पाठमोरं आहे, पण आहे. मग मला रडू यायचं नाही. त्या वर्षी मला कुठेही, कधीही रडू यायचं. थेटरात यायचं नाही ते त्या दिव्यामुळे.

पुढची फजिती तुला आठवत असेलच. शाळेच्या फाटकापाशी मी बाबा समजून एका बस कंडक्टरचा हात धरला आणि त्याच्याबरोबर निम्मा रस्ता चालत गेले, तोंडाची टकळी चालू. तो बिचारा सज्जन, त्याने शाळेतलं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, बाळ, मी तुझा बाबा नाही. त्यावरून बाबांच्या लक्षात आलं आणि मला चष्मा लागला, बाटलीच्या बुडासारखा. चष्मा आला त्या दिवशी तुला ताप होता. तुला शेजारच्या आजीकडे निजवून मी एकटीच थेटरात गेले. तोच मोठ्या जिन्याचा सिनेमा लागलेला. म्हटलं, आता बघते सगळं, डोळे भरून.

चिंगे, त्या घरात मांजर नव्हतं. सबंध सिनेमाभर मी मांजर शोधत होते. नायिका मरायला टेकली, लोक नाकं शिंकरताहेत, आणि मी आपली मान वाकवून पियानो शोधते आहे. पियानोच नव्हता! जिना होता, पण त्यावर गालिचाबिलिचा काही नाही. पडदे खिडकीच्या बरोबरीने कापलेले, अगदी काटकसरीने. आणि स्वयंपाकघर तर त्यांनी एकदाही दाखवलं नाही. ना गोल खिडकी, ना दिवा, ना पाठमोरं कुणी. मी परत आले, तुझ्या कपाळावर हात ठेवला, तू विचारलंस, ताई, दिसलं का सगळं? मी म्हटलं, दिसलं, तू सांगितलंस तस्संच. तू तापातसुद्धा एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा झोपलीस. तू तेव्हा लहान होतीस, माझ्याहून लहान, आणि तुझीही आई गेली होती. ते दोघींपुरतं घर तू एकटीने बांधलंस, एवढं मला कळलं. मी रागावले नाही. मी तुझ्यावर त्या दिवशी जितकं प्रेम केलं तितकं नंतर पोटच्या पोरांवरही केलं असेल की नाही, देव जाणे.

नंतर आमचं घर बांधलं तेव्हा मी स्वयंपाकघराला गोल खिडकी मागितली. गवंडी डोकं खाजवत म्हणाला, बाई, गोल खिडकी कशाला, पाऊस आत येईल, झडप बसायची नाही. मी ठणकावून सांगितलं, अमुक सिनेमात आहे, बघून या. तो खरोखरच जाऊन बघून आला. म्हणाला, बाई, त्यात अशी खिडकी नाही. मी म्हटलं, तुम्ही नीट बघितलं नाही. बिचाऱ्याने हात टेकले आणि करून दिली. झडप अजूनही नीट बसत नाही, पावसात तिथे तांब्या ठेवावा लागतो. तुझे भावोजी दर पावसाळ्यात तुझ्या नावाने नाही, पण त्या सिनेमावाल्याच्या नावाने खडे फोडतात. आणि तू पहिल्यांदा आलीस, खिडकीसमोर उभी राहिलीस, मला वाटलं आता काहीतरी बोलशील. पण तू पिशवीतून टेप काढलीस आणि माप घेतलंस. गोल खिडकीचा पडदा शिवणं सोपं नाही हे मला कापडातलं काही न कळूनही कळतं. तू तो शिवून पाठवलास, पिकल्या लिंबाचा पिवळा, आणि खाली अर्धा वार कापड जास्त. तेव्हाच मला समजलं की मला माहीत आहे हे तुला माहीत आहे. आपण दोघी एवढ्या बडबड्या, पण यावर आजवर चकार शब्द काढला नाही.

आता खरं सांगते. तू फोन ठेवल्यावर मी ठरवलं होतं की हट्टाने येईन, तुला उचलून आणीन आणि शेजारी बसून घरं सांगेन. सराव म्हणून तुझ्या भावोजींना डोळे मिटून टीव्हीसमोर बसवलं. म्हटलं, ऐका, खोली मोठी आहे, भिंत पांढरी आहे, टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. ते घोरायला लागले. त्यांची काही चूक नाही, मी माल मोजून घेतल्यासारखी सांगत होते. मला जे आहे तेवढंच दिसतं, चिंगे. तुझ्यासारखं मला जमत नाही, जन्मात जमणार नाही.

म्हणून हे पत्र. आमच्या दुकानामागच्या छोट्या थेटरात जुने सिनेमे दाखवतात, आणि येत्या रविवारी दुपारी तो मोठ्या जिन्याचा लागतो आहे. मागच्या रांगेतल्या भिंतीकडच्या दोन खुर्च्या मी राखून ठेवल्या आहेत. ठकी तुला गाडीत बसवून देईल, उतरवून घ्यायला मी उभी असेन, या वेळी दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. आणि कीव म्हणत होतीस ना, तर एक गोष्ट ऐक. चष्मा लागल्यावरही थेटरात दिवे गेले की मी तो काढून मांडीवर ठेवायचे, आठवतं? तुला सांगायचे, अंधारात चष्म्याने डोकं दुखतं. तू चिडवायचीस की पोरं बघतील म्हणून काढते. माझं डोकं एकदाही दुखलं नाही, चिंगे. चष्मा लावला की ते घर दिसेनासं व्हायचं, म्हणून काढायचे. तुझं लग्न होईपर्यंत प्रत्येक सिनेमाला काढला. तुझ्या त्या घरांना पडदा दिसावा लागत नव्हता, तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी तुला काही दाखवायला बोलावत नाही. मला ते घर पुन्हा बघायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. रविवारी थेटरात शिरताच मी चष्मा काढून पिशवीत ठेवीन. दिवे गेले की तुला कोपराने ढोसेन. मांजराचं, गालिच्याचं नंतर सांग. आधी एवढंच सांग, मागच्या स्वयंपाकघरात दिवा लागला आहे ना?

तुझीच, एका खुर्चीत मावणारी,
ताई