मधली चकती आणि वामनचा हात

९ नोव्हेंबर
भाताची झोडणी संपली. खांदा जागचा हलल्यासारखा झालाय. हिने तेल चोळलं आणि वर सुनावलं, "आता तरी त्या चकत्या खुंटीला टांगा." टांगतो म्हणालो.

सायं. वामनकडे. पक्षाघात झाल्यापासून आज पहिल्यांदा त्याच्या उजव्या मुठीत काठी राहिली. पण तोंड भिंतीकडेच. शीतल, त्याची लेक, मुरबाडहून एसटीने येऊन-जाऊन करते. तिकडे पोरं, इकडे बाप. तीही वाळलीय. ओट्यावर येऊन हळूच म्हणाली, "काका, हे असेच बसून राहिले तर पोरांच्या परीक्षा झाल्या की मी त्यांना तिकडेच नेणार. आई असती तर गोष्ट वेगळी. एकट्या माणसाला कोणाच्या भरवशावर ठेवू?"
तिचं काय चुकलं?
उभा जन्म हा माणूस आटगावहून गाडी धरून कामावर गेला. आता कुठं घरी सापडायला लागला होता.

१३ नोव्हें.
वा.ला रिक्षात घालून माळावर नेलं. शेणव्याच्या पुढं सुट्टीच्या कॅम्पवाल्यांनी साखळ्यांच्या टोपल्या उभ्या केल्यात तिथं. शनिवार-रविवार शहरातली माणसं लांबून त्यात प्लास्टिकच्या चकत्या टाकतात. बाकीचे दिवस गुरं आणि आम्ही दोघं. गवत कापायला म्हणून गेलो होतो, खेळायला कधी लागलो कळलंच नाही. चकत्या तीन जातीच्या, लांबची, मधली आणि टोपलीजवळची. आमच्या वयाला मधलीच मानवली.

वा.ची जुनी मधली पावसाळ्यात ओढ्याने नेली. कॅम्पच्या मॅडमनी नवी दिली होती, ती आज पहिल्यांदा बाहेर काढली. नवी मधली जात्याच हट्टी. जाता जाता शेवटी डावीकडे पडणारच. हातात जोर असला तर बरीच लांब सरळ जाऊन मग पडते. वा.च्या हातात जोर कुठला? सुटली तीच डावीकडे, करवंदीच्या जाळीत. पुन्हा टाकली, पुन्हा जाळीत. मग एकदा पायापाशीच.
"बघितलास? संपला खेळ," म्हणाला.
परतताना रिक्षात चकती माझ्याकडे सरकवली.

१४ नोव्हें.
नवी वहाण चावते. आमच्या बाबांच्या नव्या वहाणा आधी मी घालून बांधाबांधाने हिंडायचो. मऊ झाल्या की ते घालायचे. चकतीचंही तेच. झाडाला आपटून, मातीत घासून काठ झिजला की तिचा डावीकडचा हट्ट जातो, सरळ चालते. त्याहून झिजली की उजवीकडे पळायला लागते. माझी तशी झालीय, टाकताना डावीकडे तिरकी धरावी लागते.
तर वा.ची नवी मीच टाकून मऊ करायची. शीतलकडून मागून आणली. त्याला सांगायचं नाही असं ठरलं.

६ डिसेंबर
वा. दरवर्षी आज दादरला जातो. यंदा घरीच, बाबासाहेबांच्या फोटोपुढं. मेणबत्ती उजव्या हातानेच लावायची म्हणून हटून बसला. काडी विझायची, पडायची. शीतल पुढं झाली तर ओरडला, "लांब हो!" शेवटी लागली. मी दारातच उभा होतो. आत जाववेना.

९ डिसें.
रोज सकाळी माळ. नवी मुद्दाम सागाच्या बुंध्यावर आपटतो. तिला फरक म्हणून नाही. प्लास्टिक कसलं, पाथरवटाचा दगड. झिजतोय तो माझा खांदा.
आज मॅडम भेटल्या. "काका, मधली आहे ती, मिडरेंज. घाई नका करू, खेळता खेळता आपोआप होते."
"आपोआप म्हणजे कधी?"
"एखाद-दोन सीझन."
सीझन! पोरांच्या परीक्षा मार्चात.

१८ डिसें.
अक्कल गहाण टाकली आज.
बांबू वाकडा असला तर आपण काय करतो? निखाऱ्यावर शेकतो, गुडघ्याखाली दाबतो, ऐकतो तो. म्हटलं, चकतीही ऐकेल. शेकोटीवर धरली. काठ मऊ झाला, अंगठ्याने जरा दाबला. छान जमलं म्हणेस्तोवर दुसरी बाजू पापडासारखी वर उठली. पाण्यात बुडवली तर तशीच आखडली. बोटं पोळली ती वेगळीच.
ही वास घेत आली. "काय भाजताय?"
"काय नाय."
"काय नाय कसं? कोंबडीला पाणी ठेवायला बरी झालीय."
मागच्या अंगणात एकदा टाकून बघितली. लंगड्या बदकासारखी फडफडत पडली.

१९ डिसें.
सांगणं भाग होतं. त्याची वस्तू. चकती त्याच्या मांडीवर ठेवली, सगळं सांगितलं, वहाणांपासून निखाऱ्यापर्यंत. तो ती फिरवून फिरवून बघत राहिला. म्हटलं, आता शिव्या.
तर हसायला लागला. अर्ध्याच तोंडाने, पण गदगदून.
"रघ्या, भाकरी तरी गोल येते रे! बायकोकडनं शीक जरा."
"बांबू ऐकतो, ही नाय ऐकली."
"बांबू तुला घाबरतो."
इतका हसला की ठसका लागला. शीतल आतून धावत आली. बापाला बघून तशीच उभी राहिली, हातात तांब्या.
मग म्हणाला, "तुझी दे आता. टाकत नाय मी. नुसती धरून बसतो."
दिली. दुसऱ्याच्या गोठ्यात आपला बैल बांधून आल्यासारखं वाटतंय.

७ जानेवारी
शीतलचा फोन, "काका, या लवकर." धाकधूक घेऊन गेलो. बघतो तर वा. अंगणात उभा, डाव्या हातात काठी, उजव्याने चकती टाकतोय. समोर पेंढ्याची उडवी. हात किती हळू फिरतो! पण चकती सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. जाऊन पेंढ्यात रुतते. माझ्या हातून हीच चकती उजवीकडे पळायची!
घरी येऊन बसल्यावर कोडं सुटलं. हळू टाकलेली चकती डावीकडे पडते. झिजलेली उजवीकडे ओढते. दोघींची ओढाताण बरोबरीत सुटली, म्हणून सरळ. म्हणजे त्याच्या हाताची चकती तयारच होती, माझ्या खुंटीला. मी मात्र दुसरी भाजत बसलो होतो.

२५ जाने.
माळावर दोघं. अंतर थोडंच ठेवलं. एकदा साखळी वाजली. सुट्टीला आलेल्या शहरातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या तर वा. वैतागला. "तमाशा आहे काय हा?" पण परत येताना रिक्षावाल्याला तेच रंगवून सांगत होता.
मी मॅडमची एक जुनी चकती दोनदा टाकली आणि आंब्याखाली बसलो. हल्ली बसणंच बरं वाटतं. खांद्याला शेक दिला की तेवढ्यापुरतं.

१२ फेब्रु.
शीतलला म्हटलं, हात सुधारतोय त्याचा. ती म्हणाली, "डॉक्टर तसं कुठं म्हणतात? बघू म्हणतात. चकती सरळ जाते म्हणून रात्री पडले तर उचलणार कोण?" तिकडे एक खोली रिकामी करून ठेवलीय तिने, खिडकीची. चांगली पोर. वाद घालावा असंही काही नाही.
माळावर वा.ने विचारलं, "मी गेलो तर तू काय करशील रे?"
"झोपेन."
"आतासुद्धा तेच करतंस."

२३ फेब्रु.
अंगात कणकण. गेलो नाही. वा. काठी टेकत आपला आपण आला, ओट्यावर बसून हिच्या हातचा चहा प्याला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ही म्हणाली, "भावजी, जाऊ नका हो मुरबाडला." तो बशीत बघत राहिला.

४ मार्च
परीक्षा तोंडावर आल्या. शीतल रविवारी येणार, काय ते ठरवायला.
सकाळी माळावर. वा.ने टाकली. सरळ निघाली आणि शेवटी उजवीकडे पळाली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणून दिली. पुन्हा टाकली, पुन्हा उजवीकडे.
"हात आला तुझा," मी म्हणालो.
"हात कसला! चकती झिजली आणखी."
"नाय, हातच."
"मग तू टाक. कळंल."
बरोबर होतं त्याचं. माझ्या हातून ती किती पळायची ते दोघांनाही ठाऊक. आता नेहमीपेक्षा जास्त पळाली तर चकती झिजली. नेहमीसारखीच पळाली तर हात आला.
उठलो. तिरकी न धरता, होता नव्हता तेवढा जोर लावून टाकली.
सरळ गेली. अगदी सरळ, अंगणात त्याच्या हातून जायची तशी.
मी खांदा धरून उभा राहिलो. आणायला निघायचं सुचलंच नाही. वा. मात्र काठी टेकत निघाला, कधी नव्हे ते माझ्यापुढं. अर्ध्या वाटेवरून मागं न बघताच ओरडला, "वारा आडवा आला रे तुला!"
"हो, आला खरा," मी म्हणालो.
गवताची काडी हलत नव्हती.