रघुनाथभाऊ खबऱ्या नव्हते

दिनेश,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तू माझ्या पाठचा, आई गेल्यावर 'बाई, बाई' करत माझ्याच कडेवर वाढलेला, तरी तो शब्द आज हातातून उतरत नाही.

आज सकाळी मी गावासमोर उभी राहून तुझं खरं सांगितलं. अशी बातमी जंगलात तुझ्या दलापर्यंत किती लवकर जाते, ते तुला ठाऊक आहे. उद्या मला कोणी बोलवायला आलं तर माझं म्हणणं कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून बसले आहे. तूच पहिला वाच!

तू घर सोडलंस तेव्हा मी तुला अडवलं नव्हतं. अडवू कशी? बांबू तोडायला गेलेल्या बाबांना फौजेनं धरलं आणि शाळेतल्या छावणीत दोन दिवस मारलं. "कितना चावल देते हो उनको?" एवढाच प्रश्न. बाबा परत आले ते एका कानानं बहिरे होऊन. तू तेव्हा कुरखेड्याला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. म्हणालास, "बाई, हा देश आपला नाई. आपल्या जंगलाचा येगळा मुलूख होईन, येगळा झेंडा होईन." झेंड्याचं मला काही कळलं नाही, पण बाबांचा कान मी पाहिला होता. तुझ्या पिशवीत बाबांचं स्वेटर मीच घातलं. आज त्याची लाज वाटते.

रघुनाथभाऊ आठवतात का रे? आपले पोस्टमन! तुझ्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा नाला फुगला होता. दोन दिवस थांबले असते तर कोणी विचारलं नसतं. पण ते पत्र प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून, दुपट्ट्यानं डोक्याला बांधून छातीभर पाण्यातून आले. "पोराचं नशीब वलं होऊ नये," म्हणाले आणि आपल्या ओसरीवर कुडकुडत चहा प्याले.

त्या माणसाला तुमच्या दलानं भर दुपारी चावडीसमोर उभं केलं. बाबा गेल्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. फौजेनं तुमच्या तळावर छापा घातला होता, तुमची दोन माणसं मेली होती, आणि कोणीतरी खबऱ्या हवाच होता. रघुनाथभाऊ टपालासाठी आठवड्यातून दोनदा कुरखेड्याला जात. तेवढा पुरावा पुरला!

तुम्हा सगळ्यांच्या तोंडावर फडकी होती. तरी त्यांनी तुला ओळखलं. मीही ओळखलं. ते म्हणाले, "दिनेश, तू सांग ना बापा. मी कायले सांगू फौजले?"

तू काय केलंस? खांद्यावरचा बंदुकीचा पट्टा सारखा केलास. बस! त्यांना शेताच्या बांधामागं नेलं, आणि एकच आवाज आला. त्यांच्या बायकोला, शेवंतावहिनीला, आम्ही चौघींनी धरून ठेवलं होतं. ती माझ्या हाताला चावली. तो वण अजून आहे.

मग मोहाची फुलं पडायला लागली. एका सकाळी मी एकटी ती वेचत होते आणि तू झाडाआडून आलास. वाळला होतास. मला वाटलं, रडशील. तू रडला नाहीस.

"बाई, रघुनाथभाऊ खबऱ्या नव्हता."

"मंग कोण होता?"

"कोणीच नाई. बाबा गेले त्या दिवशी मी तुले फोन लावला होता नं? फोन चालू करायचाच नाई, असा नियम हाये. त्याच्यावरूनच फौजले जागा भेटली."

"तुले हे तवाच माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो त मले मारलं असतं." आणि वर म्हणालास, "कोणाले सांगू नको."

किती सरळ! जणू दोन माणसांत एकच घोंगडी होती आणि तू ती ओढून घेतलीस. मुलूख, झेंडा, गरिबाचं राज्य, सगळं बोलून झालं होतं तुझं. वेळ आली तेव्हा पोस्टमन मेला आणि क्रांतिकारक जगला.

त्या फोनवर तू फार रडला होतास. मीच म्हणत राहिले, ठेवू नको रे, बोल. तो फोन मी लांबवला. ते माझं मी भोगेन. त्याच्याआड तू लपू नकोस!

उन्हाळा संपता संपता फौजेनं तुला मारलं. ओळख पटवायला मला कुरखेड्याला नेलं. चादर बाजूला करून एक जवान म्हणाला, "और कोई भाई है क्या?" बकऱ्या मोजाव्यात तसा! त्याच्याही तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण म्हणून तुझं पाप पुसलं जात नाही. त्यांचं त्यांच्याकडे, तुझं तुझ्याकडे.

आणि आता तुझ्या नावाचा दगड! दलाचा निरोप आला, शहीद म्हणून गावात दगड उभा करा. आज सगळे जमले. गुलाल लावायला मला पुढं केलं. शेवंतावहिनी लांब, एकटी उभी होती. खबऱ्याची बायको म्हणून यंदा तिच्या शेतात धानाच्या रोवण्याला एकही बाई गेली नाही. मीही गेले नाही, दिनेश! सगळं माहीत असून गेले नाही.

मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. फोन, फडकं, मोहाखालचं तुझं बोलणं. म्हातारे लक्ष्मणभाऊ कुजबुजले, "बाई, खाली बस. जंगलाले कान हायेत."

"असू द्या. त्याह्यलेच आयकवून राह्यली," मी म्हटलं.

वाटलं होतं, वहिनी गळ्यात पडेल. ती पुढं आली आणि म्हणाली, "तुले कवापासून माहीत होतं?"

"मोहाच्या दिवसापासून."

"म्हंजे चार महिने." माझ्याकडे नीट बघितलं तिनं. "तू बी त्याचीच बहीण." आणि निघून गेली.

तिचं चुकलं नाही.

म्हणून दोन शब्द देते. जगले तर उद्या सकाळी तिच्या बांधीतल्या चिखलात उतरेन आणि रोवणं करीन. तिनं हाकललं तर परवा पुन्हा जाईन. आणि पितृपक्षात आई-बाबांचं पान वाढीन, तुझं नाही. शेवंतावहिनी स्वतःच्या तोंडानं 'वाढ' म्हणेल, त्या दिवशी वाढीन.

तोवर उपाशी राहा.

तुझी बाई,
वनिता